एक तुझं, एक माझं

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायची. पहिल्यांदा मोठ्यानं, समोरच्याच्या तोंडाकडे बघत. मग मान जराशी खाली घालून, ओठांतल्या ओठांत, आपल्याशीच. "आई, गच्चीवर बंदर आला," असं ओरडून झालं की खालच्या आवाजात, "बंदर आला." "आजोबांची काठी पडली." मग हळूच, "काठी पडली." कधी शेवटचे दोन शब्द, कधी अख्खं वाक्य. ती अडखळत नव्हती. दुसऱ्याचं बोलणंही कधी परत म्हणायची नाही. फक्त स्वतःचं म्हणायची, आणि ते झाल्याशिवाय जागची हलायची नाही.

आज ती स्वतः आई आहे आणि तिला यातलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याचं नवल ओसरत नाही. पण सुरुवातीला नवलबिवल काही नव्हतं. सुरुवातीला मला राग यायचा.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन बनारसला आले आणि अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीतल्या घरात राहू लागले. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. हे रेल्वेच्या ऑफिसात होते. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. तिथल्या मुली मला पाठीमागे मिर्ची बहनजी म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चूक दिसली की माझ्याच्यानं राहवायचं नाही. वहीतली असो, भाजीवाल्याच्या तराजूतली असो, नाहीतर घरातली.

मामंजी वैदिक होते. रोज सकाळी बाहेरच्या खोलीत चार विद्यार्थ्यांना संथा द्यायचे. ज्यांनी संथा ऐकली नाही त्यांना सांगते. गुरू मंत्राचा एक तुकडा एकदा म्हणतो, समोर बसलेले तोच तुकडा दोनदा म्हणतात. मग पुढचा तुकडा. समोर पुस्तक नाही, पाटी नाही. आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, सगळं कानानं घ्यायचं आणि तोंडानं परत करायचं. नवी नवरी होते तेव्हा मी फोडणी करपेपर्यंत ऐकत उभी राहायची. माणसाच्या तोंडात इतकं मावतं कसं, हे मला कळायचं नाही. मग सवय झाली आणि तो आवाज नळाच्या पाण्याच्या आवाजासारखा घरातलाच एक झाला.

तर मुलीचं हे दोनदा म्हणणं. हे म्हणायचे, "अगं, बनारसमध्ये एकदा सांगून कोणी ऐकतं का? रिक्षावाल्याला दोनदा, दूधवाल्याला तीनदा. पोरगी आत्तापासून तयार आहे." मला हसू यायचं नाही. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हातारे गृहस्थ तिच्याशी पाऊण तास बोलले, ते सुद्धा कबुतरांबद्दल. शेवटी मला म्हणाले, "अटकती तो है नहीं. टोकिए मत, आदत अपने आप चली जाएगी." एक गोळीसुद्धा लिहून दिली नाही. ज्या डॉक्टरनं औषध दिलं नाही त्यानं तपासलं तरी नीट असेल का, असं मला वाटलं, आणि टोकू नका हा सल्ला मी दवाखान्याच्या दारातच सोडून आले.

मग शाळेचं निघालं. चांगली शाळा होती, प्रवेश मिळणं कठीण. मोठ्या बाईंनी मुलीला लाल ठोकळा दाखवून विचारलं, "यह कौन सा रंग है?" ही म्हणाली, "लाल." मान खाली, "लाल." पिवळा दाखवला. "पीला." मान खाली, "पीला." सगळी उत्तरं बरोबर, सगळी दोनदा. बाई वाईट नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बच्ची होशियार है. लेकिन यह हर बात दोहराएगी तो बाकी बच्चे हँसेंगे. जुलाई तक ठीक कर लीजिए, सीट रख लूँगी." दुसऱ्यांच्या मुलींना सुधारणारी मी, आणि मला सांगितलं जात होतं की आपली ठीक करून आणा. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

शेजारच्या काकूंना कारण लगेच सापडलं. माझ्या सासरच्यांसारख्याच तीन पिढ्या काशीत मुरलेल्या बाई. म्हणाल्या, "अहो, पोरीच्या कानावर जन्मापासून संथा पडतेय. मुलीच्या जातीला ते झेपत नाही, असर होतो. संकठादेवीला पाच शुक्रवार नारळ चढवा, आणि तिला त्या आवाजातून हटवा." मी बी.ए. झालेली. मुलीच्या जातीला झेपत नाही हे ऐकून माझं डोकंच फिरलं, आणि काकूंना मी फाडकन सुनावलंही. पण घरी आले, बाहेरच्या खोलीतून ते दोन-दोनदा म्हणणं ऐकलं, आणि पाल चुकचुकली. झेपण्याबिपण्याचं जाऊ दे, पण पोर नक्कल तर करत नसेल? मुलं दोनदा म्हणतात, म्हणून ही दोनदा म्हणते. इतकं सरळ होतं ते. मला पूर्वीच सुचायला हवं होतं, असंसुद्धा वाटलं.

त्या संध्याकाळी मी मामंजींना म्हटलं, "तिला ती सवय संथेनं लागलीय. जुलैपर्यंत बाहेर कुठे घेता आली तर बघा."

ते जपमाळ पिशवीत ठेवत होते. म्हणाले, "तुला असं वाटतं?"

"हो."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटेच घाटावर जायला लागले. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, आणि त्या उंच उंच पायऱ्या. एक विद्यार्थी आसनं घ्यायचा, एक त्यांचा हात धरायचा. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, नातीसाठीच तर आहे, जुलैपर्यंतच तर आहे.

घर शांत झालं आणि मुलगी तशीच राहिली. "आई, दूध सांडलं." "दूध सांडलं." मग मी माझा उपाय काढला. वर्गात चालायचा तोच. तिला समोर बसवून सांगितलं, "या घरात एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलंस तर कोणी उत्तर देणार नाही, काही मिळणार नाही." आणि तो नियम मी सगळ्यांना लावला. यांना, मामंजींना, भांडी घासायला येणाऱ्या बाईला. मुलगी "पाणी दे" म्हणायची आणि पुटपुटली की मी पेला तसाच परत ठेवायची. तहानेनं रडली तरी दिला नाही, असं दोनदा झालं. हे लिहायला नको वाटतं, पण झालं ते झालं.

पहिले तीन दिवस ती बोलून झाली की पटकन दोन्ही तळहात तोंडावर दाबायची आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहायची. आत काहीतरी धडपडत असायचं ते डोळ्यांत दिसायचं. चौथ्या दिवशी ती गप्प झाली. मला वाटलं, जिंकले. संध्याकाळी मी यांना सांगितलं, "गेली बघा सवय."

हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "सवय गेली की पोरगी गेली, ते बघ आधी."

आणि खरंच, ती बोलतच नव्हती. पाणी हवं असलं की माठापाशी जाऊन उभी राहायची. कोणी दिलं तर प्यायची, नाही दिलं तर निघून जायची. कैरी दाखवली, तर हो नाही की नको नाही. माकड येऊन वाळत घातलेल्या कुरडया घेऊन गेलं, ती नुसती बघत राहिली. रुसलेली दिसत नव्हती, घाबरलेलीही नाही. खेळायची, जेवायची, मांडीवर येऊन बसायची. खेळताना तिचे ओठ हलत असायचे. मी जवळ गेले की थांबायचे. एकदा मी दाराआड उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला, काही ऐकू आलं नाही. ती दिवसभर बोलत होती आणि त्यातलं आम्हाला काहीच मिळत नव्हतं.

मग मी घाबरले. असे सहा, सात, आठ दिवस गेले. मी नियम मागे घेतला. "बोल गं राणी, दोनदा बोल, दहादा बोल," म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बाहुलीला लुगडं नेसवायला लागली. शाळा, जुलै, सीट, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. एकच उरलं. चांगली चालतीबोलती पोर मी माझ्या हातानं मुकी करून ठेवली होती, आणि आता ते परत कसं फिरवायचं हे मला माहीत नव्हतं. संकठेला नारळसुद्धा ठेवून आले. काकूंना दिसणार नाही अशा बेतानं.

ती गप्प झाल्यापासून अकराव्या दिवशी मामंजींना घरी यायला उशीर झाला. एरवी ते साडेआठाला परत यायचे. दहा वाजले, ऊन तापलं, लूचे गरम वारे सुटायची वेळ झाली. मला सुट्टी होती. मी बरणीत ताक भरलं, छत्री घेतली, मुलीचं बोट धरलं आणि घाटावर गेले. एका घाटियाच्या, म्हणजे घाटावरच्या पंड्याच्या, बांबूच्या छतरीखाली ते बसले होते. एका विद्यार्थ्याचा एक स्वर काही केल्या लागत नव्हता, आणि तो लागल्याशिवाय मामंजी उठणार नव्हते. सावली सरकून गेली होती आणि त्यांच्या अर्ध्या पाठीवर ऊन होतं.

मुलगी माझं बोट सोडून त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. मी दोन पायऱ्या वर बसून पेल्यात ताक ओतू लागले. ते एकदा म्हणायचे, विद्यार्थी दोनदा. ते एकदा, विद्यार्थी दोनदा. ती कधी आजोबांच्या तोंडाकडे, कधी विद्यार्थ्यांच्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ.

"आजोबा, यांना कोणी रागवत नाही?"

माझ्या हातातली बरणी कलली. अकरा दिवसांनी तिचा आवाज ऐकत होते मी. स्वच्छ, नेहमीसारखा. माझा नियम घराचा होता. घाटाला तो लावायचं मी म्हटलं नव्हतं, आणि तिनं ते नीट लक्षात ठेवलं होतं.

मामंजींनी वर माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिला म्हणाले, "नाही गं. यांनी दोनदाच म्हणायचं असतं."

"का?"

"पक्कं होतं."

ती मान हलवून म्हणाली, "नाही आजोबा. एक तुमचं आणि एक त्यांचं."

"ते कसं?"

"तुम्ही दिलं ना, ते पहिल्यांदा तुम्हाला परत देतात. मग एक स्वतःला ठेवतात." एवढं सांगून ती थांबली आणि मग आपणहून पुढे बोलू लागली. "मी पण तसंच करायची. मोठ्यानं म्हटलं की ते आईचं होतं. आईकडे जातं. मग माझ्याकडे राहतच नाही. म्हणून हळू म्हणायचं. हळू म्हटलेलं माझं."

"मग आता घरी मोठ्यानं का नाही म्हणत?"

"आई म्हणाली, एकदाच." तिनं दगडावरचा एक वाळका झेंडू उचलला. "एकच मिळणार असेल तर मी माझंच म्हणते."

विद्यार्थी हसले नाहीत. मामंजींनी पंचा घेऊन तोंड पुसलं, घडी घालून परत खांद्यावर टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोनदा का म्हणायचं, हे मी लहानपणी माझ्या गुरूंना विचारलं होतं. पक्कं होतं म्हणाले. मी पण पन्नास वर्षं तेच सांगत आलो." आणि मग, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मुली."

चार वर्षांची पोर. तिला अजून स्वतःच्या चपला नीट घालता येत नव्हत्या, उजवी डाव्या पायात जायची. आणि तोंडातून गेलेल्या शब्दाचं पुढे काय होतं, याचा तिनं विचार केला होता. बोलणं म्हणजे देणं, आणि दिलं की आपल्याकडचं जातं. केळं दिलं की जातं, बाहुली दिली की जाते, तर शब्द का नाही जाणार? तरी तिनं देणं थांबवलं नव्हतं. प्रत्येक वेळी आम्हाला आधी दिलं होतं, मोठ्यानं, तोंडाकडे बघून, आणि मग आपला वाटा उचलला होता. इतकी वर्षं मी मुलींना शिकवत होते, दिवसभर बोलत होते, आणि बोललेलं कुठे जातं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आणि माझा नियम. मी तिला दोनातलं एक सोडायला लावलं होतं. माझी समजूत अशी की ती स्वतःचं सोडेल. तिनं नियम मोडला नव्हता, हट्ट केला नव्हता. एकदाच म्हणत होती, सांगितल्यासारखं. त्यात आमचा वाटा गेला, एवढंच.

मी मामंजींना म्हटलं, "उद्यापासून संथा घरीच घ्या." ते उठता उठता म्हणाले, "तिला विचारून घेतो." आणि खरंच विचारलं त्यांनी. दोन दिवसांनी आसनं परत बाहेरच्या खोलीत आली. शाळेचंही सांगून टाकते. त्या जुलैत मी तिला तिथे नेलंच नाही. पुढच्या वर्षी गल्लीतल्याच साध्या शाळेत घातली. तिथे पंचावन्न मुलं एकदम पाढे म्हणायची, हिचं पुटपुटणं कोणाला ऐकू जाणार! सहावं सरेपर्यंत ते आपोआप गेलं, डॉक्टर म्हणाले होते तसंच.

पण त्या दिवशी घाटावरून मामंजी विद्यार्थ्यांच्या आधारानं वर गेले आणि आम्ही दोघी मागे राहिलो. ती अजून माझ्याशी बोललेली नव्हती. जे काही बोलली ते आजोबांशी. मी एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर बसले, तोंडासमोर तोंड येईल अशी.

माफी मागणं मला कधी जमलं नाही. शाळेत एखाद्या मुलीला उगाच ओरडले तर दुसऱ्या दिवशी तिला खडू आणायला पाठवायची, त्यात ती समजून जायची. यांच्याशी भांडण झालं की भरली वांगी करायची. शब्द मी काढायची नाही. त्या दिवशी काढला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. मोठ्यानं, स्पष्ट, तिच्या डोळ्यांत बघून. चांगलं म्हटलं. आता ही गळ्यात पडेल, असं मला वाटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी व्हायचं राहिलंय अशी.

"आता तुझं म्हण," ती म्हणाली. आणि मग तिची मान खाली गेली, ओठ हलले. "तुझं म्हण."

अकरा दिवस ज्यासाठी मी देव पाण्यात ठेवले होते ते मला मिळालं होतं. दोन्ही वाटे. मला तिला उचलून घ्यायचं होतं. पण ती थांबली होती. तेव्हा मी मान खाली घातली आणि म्हणायला गेले, तर शब्द येईनात. तिला देताना सोपं गेलं होतं. तिला दिलं ते तिचं झालं होतं, मी मोकळी झाले होते. आता तेच दोन शब्द कोणाला न देता नुसते माझ्यापाशी ठेवायचे होते, आणि त्यांच्याबरोबर माठापाशी उभी राहिलेली ती, परत ठेवलेला पेला, पायऱ्या उतरणारे मामंजी, सगळं यायला लागलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

ती वाकून माझ्या ओठांकडे बघत होती. "नाही झालं," ती म्हणाली.

मी पुन्हा मान खाली घातली. या वेळी शब्द आले, आणि त्यांच्यामागोमाग मला रडू कोसळलं. माझं रडून होईपर्यंत ती शेजारी बसून राहिली. मग माझ्या पदरानं तिनं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "आता ते तुझ्याकडे राहील."